नाण्यावरचा भोलू
स्मारक नाणे, म्हणजे एखाद्या घटनेच्या वा व्यक्तीच्या स्मरणार्थ शासनाने पाडलेले नाणे, हे राष्ट्राने स्वतःविषयी केलेले अधिकृत विधान असते. त्यामुळे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या भारतातील पहिल्या प्रवासी गाडीच्या दीडशे वर्षांनिमित्त, 2003 साली, दोन रुपयांच्या नाण्यावर हाती कंदील घेतलेला गार्ड हत्ती ‘भोलू’ अवतरला, याचे मोल मोठे आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने रेखाटलेले हे चित्रपात्र रेल्वेचे शुभंकर, म्हणजे संस्थेची ओळख सांगणारे बोधपात्र, होते. पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या निउएच्या नावे मिकी माऊसची चांदीची नाणी निघतात, पण त्या उंदराचा बेटाच्या इतिहासाशी काडीचा संबंध नाही आणि ती थेट संग्राहकांच्या पेटीत जातात. भोलू मात्र चलनात उतरला, आणि नाशिक जिल्ह्यातील ज्या निफाड तालुक्यातून मुंबई-भुसावळ लोहमार्ग जातो, तेथील गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या बाजारगावांतही असे नाणे सुट्ट्या पैशांत सहज हाती यावे, हेच त्याचे खरे राष्ट्रीयत्व होय. नाशिकजवळच्या अंजनेरीत 1980पासून नाणेशास्त्राची, म्हणजे नाण्यांच्या शास्त्रीय अभ्यासाची, संशोधन संस्था आहे. तेथे सातवाहन आणि क्षत्रप या प्राचीन राजवटींच्या नाण्यांइतक्याच गांभीर्याने या हत्तीचाही अभ्यास व्हायला हवा.