सात वेळा आमदार, पण हिशेब कोण देणार?



अमका तीस वर्षं आमदार, तमका पस्तीस वर्षं आमदार, म्हणून हार घालतात. आम्ही विचारतो, वर्षं काय मोजता? साच्यावर वर्षं मोजत नाहीत, कापड मोजतात!

आमच्या नाशिक जिल्ह्यातले जिवा पांडू गावित घ्या. आदिवासी माणूस, लाल बावट्याचा. सुरगाण्यानं त्यांना १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९ आणि २००४ साली निवडून दिलं. २०१४ ला कळवणनं. मधे पडले, नंतरही पडले, पण बावटा बदलला नाही. आज इकडं अन् उद्या तिकडं उड्या मारणाऱ्यांनी हे नीट वाचावं!

आणि काम? मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी, आदिवासी नाशिकहून मुंबईला पायी आले. सुमारे १८० किलोमीटर! पायांची सालटं निघाली. पुढाऱ्यांत हा आमदार होता. कसतो ती वनजमीन नावावर करा, हे मुख्य मागणं. २००६ चा कायदा हक्क देतो, कचेरी अडवते! दहावीच्या पोरांची परीक्षा, म्हणून शेवटची मजल या लोकांनी रात्रीच चालून काढली. १२ मार्चला सरकारनं लेखी कबुली दिली. तरी २०१९ ला अन् २०२३ ला पुन्हा चालायची पाळी आलीच!

आता कडू बोलतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरची काही गावं म्हणाली, रस्ता, पाणी, दवाखाना देत नसाल तर आम्हाला गुजरातेत घाला! ज्या राज्यासाठी शंभरावर हुतात्मे झाले, त्या राज्याला ही चपराक आहे. सात वेळा आमदार देऊन तालुक्याला काय मिळालं? हा प्रश्न गावितांनाही आहे. आपला म्हणून आम्ही सोडणार नाही. पण २०१४ च्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. एका धाग्याचं कापड होत नाही! तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, त्या एकूणएक सरकारांनी आधी जबाब द्यावा.

आमदारकी म्हणजे वतन नव्हे. आमचा बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या गेटावर उभा राही. आमदारानं निदान पाच वर्षांनी हिशेब घेऊन दाराशी उभं राहावं.

आणि आपण? घरांचे अर्ज भरून वाट पाहणाऱ्या गिरणी कामगारांना लेखी कबुलीची किंमत सांगायला नको. मत टाकून झोपू नका! मागं माणसं चालली, तरच आमदार पुढं चालतो.

वर्षं मोजू नका, काम मोजा! हिशेब मागा!