उसना उपग्रह



घरी अवचित पाहुणे आले आणि साखरेचा डबा रिकामा निघाला, तर आई काय करते? तुमच्या हातात वाटी देते आणि म्हणते, "जा रे, शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर घेऊन ये." काकू वाटी शिगोशीग भरून देतात. चार दिवसांनी त्यांचं विरजण संपतं, तेव्हा ते आपल्या घरून जातं. हीच उसनवारी.

साखर, विरजण, फार तर शिडी उसनी मिळते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण एका देशानं दुसऱ्या देशाकडून चक्क उपग्रह उसना घेतला, असं मी सांगितलं तर? "बाई, काहीतरीच काय!" असंच म्हणाल ना? पण हे अगदी खरं आहे, आणि ते एकदाच नव्हे तर अनेकदा घडलं आहे.

आधी थोडं उपग्रहांविषयी. हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह, टायरॉस-१, अमेरिकेनं १ एप्रिल १९६० रोजी सोडला. तो पृथ्वीभोवती भराभर फिरत असे. आज इथले ढग दाखवायचा, घटकाभरानं भलतीकडचे. मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, की त्याला एक फेरी मारायला तेवढाच वेळ लागतो, जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो. दोघंही बरोबरीनं फिरतात. त्यामुळे खालून पाहिलं तर तो एकाच जागी थांबलेला भासतो. म्हणून त्याला 'भूस्थिर' उपग्रह म्हणतात. एखाद्या राखणदारानं माळ्यावर बसून शेत राखावं, तसा तो एकाच भागावर रात्रंदिवस नजर ठेवतो.

पण एका माळ्यावरून सगळा शिवार दिसत नाही. पृथ्वी गोल, तिची दुसरी बाजू दिसणार कशी? सगळीकडचं नीट पाहायचं, तर असे पाच-सहा राखणदार हवेत. एवढे उपग्रह एकट्या देशानं कुठून आणायचे? आणि ढगांना तर देशांच्या सीमा ठाऊकच नसतात! आफ्रिकेजवळ तयार झालेलं वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन थडकतं. म्हणून १९७२ च्या सप्टेंबरात अमेरिका, युरोप आणि जपान यांची माणसं वॉशिंग्टनला एकत्र बसली. कोणाचा उपग्रह कुठे ठेवायचा आणि त्यांचं काम एकमेकांशी कसं जुळवायचं, हे ठरवू लागली. त्या बैठकीतून जो गट तयार झाला, तो पुढे वाढत गेला. आता भारतही त्यात आहे.

या मंडळींच्या मोठ्या परीक्षेची वेळ आली १९७९ साली. साऱ्या जगाच्या हवेचा वर्षभर एकत्र अभ्यास करायचं ठरलं होतं. त्यासाठी भूस्थिर उपग्रहांच्या पाच जागा होत्या. त्यातली हिंदी महासागरावरची जागा, म्हणजे आपल्या मोसमी पावसाच्या वाटेवरची, सोव्हिएत संघानं भरायची होती. पण त्यांचा उपग्रह वेळेत तयार झाला नाही. आता काय करायचं? अमेरिकेनं आपला जुना गोज-१ तिथे सरकवला आणि युरोपच्या लोकांनी स्पेनमधल्या केंद्रातून तो चालवला. म्हणजे पाहा हं, जागा रशियनांची, उपग्रह अमेरिकेचा, चालवणारे युरोपचे आणि खाली ढग आपल्या पावसाचे! त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, तरी हे काम अडलं नाही.

पुढे १९८५ साली युरोप अडचणीत आला, तेव्हा अमेरिकेनं आपला गोज-४ मदतीला दिला. आणि मग फेड करायची पाळी युरोपची आली.

अमेरिकेला दोन्ही बाजूंना महासागर, म्हणून तिला दोन उपग्रह लागतात. १९८६ साली तिचा एक नवा उपग्रह उड्डाणातच नष्ट झाला. १९८९ च्या जानेवारीत गोज-६ बंद पडला. उरला एकटा गोज-७. बिचारा वादळांच्या मोसमात एकीकडे आणि हिवाळ्यात दुसरीकडे सरकवला जाई. तोही बंद पडला असता तर? एवढ्या मोठ्या देशावर लक्ष ठेवायला त्याचा स्वतःचा एकही भूस्थिर डोळा उरला नसता.

तेव्हा युरोपनं आपला जादा असलेला मेटिओसॅट-३ पुढे केला. १९९१ साली तो अटलांटिक महासागरावर नेला आणि १९९३ साली आणखी पश्चिमेला, अमेरिकेच्या बाजूला. तिथे तो इतका लांब गेला, की जर्मनीतल्या केंद्राला दिसेनासा झाला. मग त्याच्याशी बोलण्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावर अँटेना बसवला. १९९४ साली अमेरिकेचा नवा गोज-८ आकाशात गेला आणि अडचण सरली.

तुम्ही विचाराल, एवढ्या उंचीवरचा उपग्रह सरकवतात तरी कसा? शाळेच्या मैदानावरची गोल धावपट्टी आठवा. दोन मुलं सारख्याच वेगानं धावली, तर बाहेरच्या पट्टीवरचा मागे पडतो, कारण त्याची फेरी मोठी. उपग्रहाचंही काहीसं तसंच. थोडं इंधन वापरून त्याला जरासा वर ढकलला, की त्याची फेरी लांबते, तो पृथ्वीच्या मागे पडतो आणि पश्चिमेकडे सरकतो. थोडा खाली आणला, की पुढे जातो, म्हणजे पूर्वेकडे. हवी ती जागा आली की पुन्हा मूळ उंचीवर आणायचा. घाई करायची नाही. घाई केली तर इंधन फार जळतं, आणि वर पेट्रोल पंप नाही!

जपानवरही अशी वेळ आली. जपानच्या हवामान उपग्रहांचं नाव 'हिमावारी', म्हणजे सूर्यफूल. १९९९ साली त्यांचा नवा उपग्रह रॉकेट बिघडल्यानं नष्ट झाला आणि जुना हिमावारी थकत चालला होता. मग २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेचा गोज-९ पॅसिफिकवर पश्चिमेला आला आणि जपानचं काम करू लागला. २००५ साली जपानचा नवा उपग्रह कामाला लागेपर्यंत तिकडच्या तुफानांवर याच उसन्या डोळ्याची नजर होती.

आणि आपल्याकडे? भारताचे इनसॅट उपग्रह आहेतच. इनसॅट-१बी १९८३ सालीच वर गेला. तरीही १९९८ साली युरोपनं मेटिओसॅट-५ हिंदी महासागरावर आणला. या समुद्रावरच्या धुराचा आणि धूलिकणांचा अभ्यास करायला भारतासह अनेक देशांचे शास्त्रज्ञ १९९९ साली जमणार होते, त्यासाठी. पाहुणा म्हणून आलेला हा उपग्रह २००७ पर्यंत इथेच राहिला. त्याच्या जागी मेटिओसॅट-७ आला, मग मेटिओसॅट-८, आणि २०२२ साली मेटिओसॅट-९.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आपले इनसॅट-३डी आणि ३डीआर वरून पाहत होते, आणि युरोपचा मेटिओसॅट-८ सुद्धा. वादळाचं नाव बांगलादेशानं सुचवलेलं. वादळानं नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांचे पत्रे उडाले, माणसंही दगावली. पण ते येणार हे आधीच कळलं होतं. होड्या किनाऱ्याला लागल्या, हजारो माणसं सुरक्षित जागी हलवली गेली. वेळेवर मिळालेल्या बातमीची किंमत किती, ते कोकणातल्या तुमच्या मित्रांना विचारा.

उपग्रह बनवायला अनेक वर्षं लागतात, तो बिघडायला मात्र एक क्षण पुरतो. आणि वादळ काही त्याच्या दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाही. म्हणून शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं लागतं. अडचण आल्यावर ओळख काढायला गेलं, तर वाटी रिकामीच परत येते.

आता या आठवड्याचा उद्योग. एक क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याच्या मधोमध खडूनं रेघ मारा. रेघेवर सगळीकडे सारख्या अंतरावर क, ख, ग अशी बारीक अक्षरं लिहा. एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्यापासून चेंडू वीस सेंटिमीटरवर धरा. पृथ्वीला चेंडूएवढी केली, तर उपग्रह साधारण एवढ्याच अंतरावर असतो. किती अक्षरं दिसतात? कडेची अक्षरं वाचता येतात, की तिरकी होऊन चिरडल्यासारखी दिसतात? सगळी अक्षरं नीट वाचायला चेंडू किती वेळा फिरवावा लागला, ते वहीत लिहून ठेवा. मग सांगा पाहू, तीन उपग्रहांवर जगाचं काम भागेल का?

तुमच्या बाई