गट भारी, कशावरून?

रणजी हंगाम संपला की आमच्याकडे तक्ते येऊ लागतात. गटनिहाय शतकं, डावात पाच बळी, निर्णायक निकालांची टक्केवारी, दर बळीमागे धावा. आणि तळाशी लाल शाईत निष्कर्ष: ‘ब गट सर्वांत भारी’, नाहीतर ‘ड गट म्हणजे नुसती भरती’. हे तक्ते आम्ही छापत नाही. त्याबद्दलच्या तक्रारी आता तक्त्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत. ‘रात्र रात्र जागून केलेलं काम तुम्ही बाजूला कसं टाकता?’ असं एका ज्येष्ठ गुणलेखकांनी विचारलं आहे. त्यांच्या मेहनतीबद्दल आदर आहे. तरीही तक्ता छापणार नाही, आणि का ते या वेळी सविस्तर सांगतो.

आठ संघांचा एलिट गट, प्रत्येकाचे सात साखळी सामने, म्हणजे गटात २८ आणि चार गट मिळून ११२. या ११२ पैकी एकही सामना दोन गटांमधला नाही. बंद गटात एकाची आघाडी ती दुसऱ्याची पिछाडी. अख्ख्या गटाचा मिळून दर बळीमागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांचा भागफल काढून पाहा, तो बरोबर एक येईल. धावा काढणारे आणि देणारे तेच आठ संघ. शतकं जास्त झाली ती फलंदाज चांगले म्हणून, गोलंदाजी सुमार म्हणून की खेळपट्ट्या पाटा म्हणून? गटाच्या आतले आकडे हे सांगूच शकत नाहीत. गट समोरासमोर येतात ते बाद फेरीत. तिथे सामने सात आणि तेही गटातल्या पहिल्या दोघांचे. उरलेल्या सहा संघांना दुसऱ्या गटाविरुद्ध कुणी तपासलं?

२०२२-२३ चा ब गट घ्या. सौराष्ट्र, मुंबई, महाराष्ट्र, आंध्र, दिल्ली, तामिळनाडू, हैदराबाद, आसाम. ब्रेबॉर्नवर मुंबई आणि महाराष्ट्र यांचे पहिले डाव ३८४ धावांवर बरोबरीत राहिले आणि दोघांचाही हंगाम साखळीतच संपला. सौराष्ट्राने करंडक जिंकला. तो गट त्या वर्षी सर्वांत अवघड होता असं आमचंही मत आहे. पण ते मत आहे. सौराष्ट्राच्या विजयाने सौराष्ट्र भारी ठरलं. त्याच गटातला सातवा संघ दुसऱ्या गटातल्या सातव्यापेक्षा बरा होता की वाईट, हे त्यातून कळत नाही.

हे दुखणं जुनं आहे. विभागीय पद्धतीत पश्चिम विभागातून बराच काळ एकच संघ पुढे जात असे. १९५५-५६ ते १९७२-७३ या अठरा हंगामांत करंडक पश्चिम विभागाबाहेर गेलाच नाही. १९५७-५८ चा बडोद्याकडे, बाकी सगळे मुंबईकडे. त्याच काळात मध्य विभागातून आलेल्या राजस्थानने १९६०-६१ ते १९६९-७० दरम्यान सात अंतिम सामने खेळले आणि सातही मुंबईविरुद्ध हरले. ती सात उपविजेतेपदं राजस्थानच्या नावावर मानाने नोंदलेली आहेत. महाराष्ट्र आणि बडोदा त्या वर्षांत कुठे होते? मुंबईच्याच विभागात, घरी. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ पुढे घेऊ लागले आणि त्याच पहिल्या वर्षी अंतिम सामना झाला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. नियम वर्षभर आधी बदलला असता तर, आणि दहा वर्षं आधी बदलला असता तर? आमच्या पुण्याच्या जुन्या खेळाडूंच्या हिशेबात हे कधी धरलंच गेलं नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हुबेहूब हेच घडलं. २०११ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स या संघगटाच्या पश्चिम विभागात एलएसयू आणि अलाबामा हे विद्यापीठांचे दोन संघ एकत्र. नोव्हेंबरमध्ये एलएसयूने ९-६ असा सामना काढला आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला पूर्व विभागाच्या जॉर्जियासमोर तेच उभे राहिले. अलाबामा त्या सामन्याबाहेर. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाला पुन्हा तेच दोघे आमनेसामने आले आणि अलाबामाने २१-० असं जिंकलं. देशातले पहिले दोन संघ एका कॉन्फरन्सच्या एकाच विभागात कोंबले गेले होते.

पण त्यांच्याकडे मोजायला काहीतरी होतं, आणि मुद्दा तो आहे. बिग टेन कॉन्फरन्सने २०१४ मध्ये चौदा संघांचे पूर्व आणि पश्चिम असे विभाग केले. २०१६ पासून प्रत्येक संघाचे कॉन्फरन्समधले नऊ सामने ठरले: सहा आपल्या विभागात, तीन पलीकडच्या. म्हणजे ६३ पैकी २१ सामने विभाग ओलांडून. तिसरा हिस्सा! तळाच्या रटगर्सला आणि मधल्या मिनेसोटालाही पलीकडच्या तिघांशी खेळावंच लागायचं. शिवाय इंडियानापोलिसला दोन्ही विजेत्यांचा अंतिम सामना. ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असं धुतलं तिथपासून २०२३ मध्ये मिशिगनने आयोवाला २६-० हरवलं तिथपर्यंत दहाच्या दहा अंतिम सामने पूर्वेने जिंकले. २०२४ मध्ये कॉन्फरन्स अठरा संघांची झाली आणि विभागच मोडीत निघाले. तिथला अभ्यासक ‘पूर्व भारी’ म्हणतो तेव्हा त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो: माथ्याला भारी, मध्याला की तळाला? दहा अंतिम सामने फक्त माथ्याचं उत्तर देतात. मध्य आणि तळ तपासायला ते २१ सामने आहेत. आपल्याकडे हा प्रश्न विचारायचीच सोय नाही.

एलिटखालच्या प्लेट गटात तर आपण उरलीसुरली सोयही काढून टाकली. २०१०-११ मध्ये हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली राजस्थान प्लेटमधून वर आलं, मुंबई, तामिळनाडू आणि बडोदा यांना ओलांडून करंडक घेऊन गेलं. त्याच हंगामात प्लेटमध्ये दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले होते आणि हैदराबाद २१ धावांत आटोपलं होतं. ते आठ बळी कच्चे होते असं त्या वर्षअखेर कुणी म्हणू शकलं नाही, कारण राजस्थानची परीक्षा वरच्या संघांसमोर झाली. उलट मार्च २०२२ मध्ये प्लेटचा विजेता नागालँड झारखंडसमोर आला तेव्हा झारखंडने ८८० धावा केल्या, फॉलोऑन दिला नाही आणि एकूण आघाडी १,००८ पर्यंत नेली. दोन्ही निकाल आपल्या कामाचे आहेत. दोन्ही पुरावे आहेत. २०२२-२३ पासून प्लेटचा विजेता बाद फेरीत येत नाही, त्यामुळे आता त्याच हंगामात पुरावा मिळणं थांबलं.

परिणाम बघा. बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये प्लेटमध्ये ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा विक्रम मोडला, सरासरी ६.४८. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये एलिटमध्ये ६९ घेतले, सरासरी सतराच्या आसपास. विक्रमांच्या यादीत दोघं एकाखाली एक बसतात. हर्षचे ६९ मोठे, यात आम्हाला शंका नाही. पण किती मोठे? आशुतोषच्या बळीला किती टक्के धरायचं? शून्य धरणं हा त्या मुलावर अन्याय आहे आणि शंभर धरणं हा हर्षवर.

हे सगळं वरचं झालं. आमच्या वाचकांचं रोजचं दुखणं खालच्या पायरीवर आहे. एका जिल्ह्यातल्या गुणलेखकाने एकोणीस वर्षांखालच्या निवडीसाठी मागवलेला नमुना आमच्याकडे पाठवला आहे. नाव, जन्मतारीख, सामने, डाव, नाबाद, धावा, सर्वोच्च, सरासरी, शतकं, अर्धशतकं, षटकं, निर्धाव, बळी. प्रतिस्पर्धी संघाचा रकानाच नाही. स्पर्धेचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पडले होते. एका गटात तीन क्लबांचे पहिले संघ पूर्ण ताकदीने उतरले. दुसऱ्या गटात दोन संघांना अकरा जण जमवताना घाम फुटला आणि एकाने तर दोनदा पुढे चाल दिली. या गृहस्थांनी प्रत्येक डावासमोर समासात पेन्सिलीने प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहिलं. कागद परत आला, ‘विहित नमुन्याबाहेरील मजकूर वगळून फेरसादर करावे’ या शेऱ्यासह. त्यांनी फेरसादर केला. सरासरीची रेघ चाळीसवर मारली गेली. तगड्या गटात चौतीसच्या सरासरीने खेळलेला सलामीवीर वगळला गेला आणि दुसऱ्या गटातली एकसष्टची सरासरी आत गेली. हा शेरा मारणाऱ्याने त्या स्पर्धेचा एकही चेंडू पाहिला नव्हता, असं पत्रात म्हटलं आहे. मुलाच्या वयाचं एकोणिसावं वर्ष परत येत नाही. निवड समितीला हे कळत नसेल तर तिने निवडीचं काम सोडावं.

उपाय अवघड नाही. जिल्हा स्पर्धेत साखळी संपल्यावर एक फेरी गटाबाहेर खेळवा: पहिला पहिल्याशी, चौथा चौथ्याशी, तळाचा तळाच्याशी. एक शनिवार-रविवार पुरतो. रणजीत अशी एक फेरी म्हणजे १६ सामने. दोन टप्प्यांत चिरलेल्या हंगामात त्यासाठी आठवडा काढणं कठीण आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण आयपीएलसाठी दोन महिने निघतात. दुलीप करंडक पुन्हा विभागीय झाला म्हणून कुणी समाधान मानू नये; ते विभाग आता रणजीचे गट नाहीत, त्यामुळे त्या निकालांचा गटांच्या तुलनेला उपयोग नाही.

आणि आता आपल्या गुणलेखकांबद्दल. नमुन्यात रकाना नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या स्वतःच्या वहीत तो रकाना ठेवतात? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्त्यांत प्रतिस्पर्ध्यांची नावं नसतात. ॲपवरून बेरजा उतरवायच्या आणि खाली सही करायची, हे गुणलेखन नव्हे. बंधुभगिनींनो, प्रत्येक डावासमोर समोरचा संघ, त्याचे पहिले दोन गोलंदाज आणि खेळपट्टी एवढं लिहा. नमुना परत आला तर पुन्हा तसाच पाठवा. दहा जिल्ह्यांतून तसाच जाऊ द्या. सराव सामने, निमंत्रितांच्या स्पर्धा, बुची बाबूसारख्या हंगामपूर्व स्पर्धा यांचे धावफलक जपा. तिथे संघ प्रयोग करतात, म्हणून वजन कमी धरू, पण बाद फेरी सोडली तर गट ओलांडणारे सामने सध्या तेवढेच आहेत. गेल्या तीन हंगामांतले असे जे धावफलक तुमच्या कपाटात असतील ते या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पोचवा, छायाप्रत चालेल, पेन्सिलीतली असली तरी चालेल. तीसेक सामने जमले की तुलनेचा पहिला तक्ता आम्ही स्वतः मांडू आणि ज्यांनी धावफलक पाठवले त्या सर्वांच्या नावानिशी छापू.