युरोपची ढाल आणि निफाडची द्राक्षे

परराष्ट्रनीती हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय आहे, द्राक्षाच्या भावाशी आणि सोसायटीच्या कर्जाशी त्याचा काही संबंध नाही, अशी समजूत आपल्या चळवळीतही खोलवर रुजलेली आहे. २०२४ च्या द्राक्ष हंगामाने ही समजूत खोटी ठरवली. त्या जानेवारीत निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत निर्यातीच्या मालाची तोडणी सुरू झाली, तेव्हा न्हावाशेवा बंदरातून युरोपकडे जाणारा जवळचा मार्ग जवळजवळ बंद पडला होता. येमेनमधील हूती संघटना गाझातील युद्धाच्या निषेधार्थ तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले करीत होती आणि बड्या जहाज कंपन्यांनी डिसेंबर २०२३ पासूनच सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालण्याचे ठरवले होते. रॉटरडॅमला पोहोचण्यास सुमारे दोन आठवडे अधिक लागू लागले आणि शीत कंटेनरचे भाडे दुपटीच्याही वर गेले.

द्राक्ष हा वाट पाहणारा माल नाही. ऑक्टोबरची छाटणी, मजुरी, औषधे, युरोपच्या कडक नियमांप्रमाणे फळातील औषधांच्या अंशांची तपासणी, एवढे सारे पार पाडून घड पेटीत भरला जातो. त्यानंतर प्रत्येक दिवस त्याचे आयुष्य कमी करतो. वाढलेले भाडे आणि वाटेत खराब होणारा माल यांचा भार निर्यातदार फार काळ आपल्या अंगावर ठेवीत नाही. बागेत ठरणाऱ्या भावातून तो वळता करून घेतो. गाझातील युद्धाशी ज्याचा कसलाही संबंध नव्हता, त्या बागाइतदाराने आणि त्याच्या बागेत राबणाऱ्या मजुराने त्या युद्धाचा दंड भरला.

या संकटाला युरोपने कोणते उत्तर दिले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी युरोपीय संघाने तांबड्या समुद्रात ‘अॅस्पिडीस’ ही नौदल मोहीम सुरू केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ढाली’ असा आहे. मोहिमेचे मुख्यालय ग्रीसमधील लारिसा येथे ठेवण्यात आले आणि तिचे काम व्यापारी जहाजांच्या रक्षणापुरते मर्यादित राहिले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी जानेवारीत येमेनच्या भूमीवर बाँबफेक सुरू केली होती. त्या मार्गाने संघ गेला नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. हूतींच्या हल्ल्यांचे समर्थनही कोणा समाजवाद्याला करता येणार नाही. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मृत्युमुखी पडले. ते कुणी शस्त्रांचे व्यापारी नव्हते. फिलिपाइन्स आणि व्हिएतनाममधून पोटासाठी समुद्रावर गेलेले कामगार होते.

परंतु ढाल धरणे ही संरक्षणाची कृती आहे. तेवढ्याने धोरण पुरे होत नाही. आग जेथे पेटली होती तेथे युरोपने काय केले? अॅस्पिडीसच्या प्रारंभाच्या पाचच दिवस आधी, १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, स्पेन आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहून एक साधी मागणी केली होती. युरोपीय संघ हा इस्रायलचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे आणि उभयतांतील कराराच्या दुसऱ्या कलमात मानवी हक्कांच्या पालनाची अट आहे. त्या अटीचे पालन होत आहे किंवा नाही हे तातडीने तपासावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जहाजांच्या रक्षणासाठी नौदल धाडण्यास संघाला काही आठवडे पुरले. कराराचे एक कलम तपासण्याचा निर्णय घेण्यास मात्र मे २०२५ उजाडला, आणि अटीचा भंग होत असल्याची चिन्हे दिसतात असे जूनमध्ये सांगण्यात आले. पहिल्या मागणीपासून तोवर सोळा महिने लोटले होते. युद्धनौका होत्या, पैसा होता, व्यापाराचे मोठे हत्यार हाती होते. उणीव होती ती राजकीय इच्छाशक्तीची.

ही उणीव आजची नाही. पश्चिम युरोपच्या संयुक्त सेनेचा करार ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेनेच बाजूला सारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्याच्या रागाने, ब्रिटन व फ्रान्स इस्रायलला हाताशी धरून इजिप्तवर चालून गेले. अमेरिकेने पौंडाची नाडी आवळताच ब्रिटनला माघार घ्यावी लागली आणि फ्रान्सलाही थांबणे भाग पडले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात समान परराष्ट्र व सुरक्षा धोरणाची घोषणा झाली. २००३ मध्ये इराकवरील आक्रमणाच्या प्रश्नावर त्याच युरोपची उभी फाळणी झाली. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातील युद्ध थांबवण्याचा ठराव आला, तेव्हा संघाच्या सत्तावीस सदस्यांपैकी आठ बाजूने, चार विरोधात आणि पंधरा तटस्थ राहिले. एका घराण्याची तीन तोंडे तीन दिशांना! नेदरलँड्स हा नाशिकच्या द्राक्षांचा युरोपातील मोठा दरवाजा. त्या देशाने जानेवारी २०२४ च्या अमेरिकी-ब्रिटिश हल्ल्यांना साहाय्य केले, पण आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने हात वर करणे त्याला जमले नाही.

यावर असे सांगितले जाते की, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जग बदलले आहे आणि युरोपला प्रथम शस्त्रसज्ज होणे भाग आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. शेजाऱ्याच्या रणगाड्यांखाली चिरडल्या जाणाऱ्या राष्ट्राला शांततेची प्रवचने ऐकवणे हा समाजवाद नव्हे. युक्रेनच्या जनतेचा स्वसंरक्षणाचा हक्क निर्विवाद आहे. परंतु जो न्याय कीव्हला, तोच न्याय गाझाला लावला नाही, तर कायद्याच्या राज्याची भाषा आशिया-आफ्रिकेतील जनतेला ढोंगीपणाची वाटल्यावाचून राहत नाही. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सुमारे ८०० अब्ज युरो संरक्षणाकडे वळवण्याची योजना मांडली. त्याच वर्षी जूनमध्ये हेग येथे नाटो राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे पाच टक्के संरक्षण व तदनुषंगिक गोष्टींवर खर्च करण्याचे मान्य केले. हे मान्य करून घेण्यामागे वॉशिंग्टनचा रेटा होता. दुसऱ्याच्या तगाद्याने जी सज्जता वाढते, तिला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. स्पेनने या आकड्याला नकार दिला. पॅलेस्टाइनला मे २०२४ मध्ये मान्यता देणाऱ्यांतही स्पेन आणि आयर्लंड होते. स्वतंत्र मत बाळगण्यासाठी मोठे सैन्य असावेच लागते असे नाही, हे या दोन देशांनी दाखवून दिले.

तथापि, युरोपकडे बोट दाखवून भारताला मोकळे होता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ च्या त्याच मतदानात भारतही तटस्थ राहिला. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या देशाने युद्ध थांबवा एवढे म्हणण्यासही कचरावे, ही अलिप्ततेची परंपरा नव्हे. डिसेंबरमध्ये भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, ते योग्यच झाले. पण तोवर तांबड्या समुद्रातील मार्ग बंद होऊ लागला होता. भारतीय नौदलाने त्या भागात अनेक खलाशांचे प्राण वाचवले. ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरील कामगारांना वाचवणारी युद्धनौकाही भारताचीच होती. नौदलाने आपले कर्तव्य केले. दिल्लीच्या आवाजाविषयी तसे म्हणता येत नाही.

पराधीनतेचा हाच धडा नाशिक जिल्ह्यात ओझरलाही मिळतो. द्राक्षबागांच्या शेजारी १९६४ मध्ये सोव्हिएत सहकार्याने मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्यातील मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरहून पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. कामगारांच्या कौशल्याचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु या विमानाचे इंजिन अमेरिकेहून येते आणि ते उशिरा आले म्हणून सारे वेळापत्रक कोलमडले. कारखाना आपला असला, तरी किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असू शकते. युरोपला आज जे उमगू लागले आहे, ते ओझरच्या कामगाराने पूर्वीच अनुभवले आहे.

मार्च १९४८ मध्ये याच नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. सत्तेची सावली सुखाची होती. पण स्वतःचे मत मांडायचे तर उन्हात उभे राहण्याची तयारी लागते, हे त्यांनी ओळखले. व्यक्ती आणि पक्ष यांना लागू पडणारा हा नियम राष्ट्रांनाही लागू पडतो.

तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. समुद्रमार्ग बंद पडल्याने वाढणाऱ्या भाड्याचा बोजा शासनाने उचलावा आणि ती मदत निर्यातदाराच्या खात्यात न अडकता बागाइतदारापर्यंत पोहोचावी, ही मागणी द्राक्ष-कांदा परिषदांतून झाली पाहिजे. आणि त्याच व्यासपीठावरून, त्याच सभेत, युद्धबंदीचा आणि स्वतंत्र परराष्ट्रनीतीचा ठराव मांडला गेला पाहिजे. पहिली मागणी पोटाची आणि दुसरी तत्त्वाची, असा भेद करणे चुकीचे ठरेल. २०२४ च्या हंगामात या दोन्ही गोष्टी एकाच कंटेनरमधून गेल्या होत्या.