भिंतीलाही आच्छादन हवे



उसाचे बिल हातात पडले की गावोगावी बांधकामे निघतात. मातीची घरे जाऊन विटा-सिमेंटची पक्की घरे उभी राहत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण चैत्र-वैशाखात याच नव्या घरात दुपारी बसवत नाही अन् रात्री झोप लागत नाही. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांचे हाल तर विचारूच नका. मग कूलर येतो. वीज गेली की तो नुसता डबा!

आमच्या मते यावर खरा उपाय भिंतीतच करायला हवा.

खोडव्यात पाचट पसरले की जमीन कमी तापते, ओल टिकते, हे सभासदांना ठाऊक आहे. उष्णता अडते ती मुख्यतः पाचटात कोंडलेल्या, न हलणाऱ्या हवेमुळे. भिंतीचे शास्त्रही तेच. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात तर १९२० नंतरच्या दशकात बगॅसपासून हलके तक्ते करून ते घरांच्या भिंतींसाठी विकले जात. मात्र यावरून कोणी कच्चे पाचट भिंतीत कोंबू नये. वाळवी, उंदीर आणि आग यांना ते आमंत्रणच. पाचटाची जागा शेतात. भिंतीत हवी ती नुसती हवा.

त्यासाठी वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पोकळ भिंत आम्हाला पटते. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावायच्या. ९ इंची भिंतीत मधोमध सुमारे ३ इंच पोकळी राहते. विटाही जवळजवळ पाव हिश्श्याने कमी लागतात.

‘पोकळ भिंत कच्ची’ असे काही गवंडी म्हणतात. पण नुसती जाडी म्हणजे मजबुती नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीच माणसे गाडली गेली. मजबुती बांधणीत असते. विटा एका मापाच्या घ्या. पायाचा, खिडकीखालचा आणि लिंटेलचा थर तसेच चौकटीच्या कडा भरीव ठेवा. कोपऱ्यांत सळई व काँक्रीट घाला. इंजिनियरचा सल्ला घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.

ज्यांचे घर आधीच झाले, त्यांनी निराश होऊ नये. स्लॅबच्या घरात सर्वांत जास्त ऊन वरूनच येते. होळी झाली की स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पश्चिमेच्या भिंतीवर वेलाचा मांडव चढवा. खर्च थोडा, फरक मोठा.

फरशी आणि रंग मागाहूनही होतात, भिंत मात्र एकदाच बांधली जाते. लागणीला बेणे जसे पारखून घेता, तशीच भिंतही पारखून बांधा, एवढीच आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी