कॉलवर स्क्रीन काळी पडते? सेन्सर बंद करण्याआधी हे वाचा



दोन तक्रारी नेहमी येतात. एक, "सर, कॉलवर स्क्रीन काळी पडते, फोन कटच करता येत नाही." दुसरी उलटी, "बोलता बोलता गालाने म्यूट दाबलं जातं." दोन्हीवर बहुतेकांनी एकच उपाय शोधलाय: सरळ स्पीकर चालू करायचा.

माझं स्पष्ट मत आहे, हा उपाय धंद्याला महाग पडतो. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी आहेत आणि स्पीकरवर तुम्ही होलसेलवाल्याशी भाव ठरवताय. तुमचा खरेदीचा भाव सगळ्या दुकानाला कळला! पुढे घासाघीस झाली तर दोष कुणाचा?

आधी हे काम कसं चालतं ते समजून घ्या. स्क्रीनच्या वर, कानाच्या स्पीकरजवळ प्रॉक्झिमिटी सेन्सर असतो. बऱ्याच फोनमध्ये तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. समोर गाल आला की प्रकाश परत येतो आणि फोन स्क्रीन बंद करतो. टचही बंद. त्यामुळे बॅटरी वाचते आणि गालाने बटणं दाबली जात नाहीत. काही फोनमध्ये हेच काम आवाजाच्या लहरींवर चालतं.

आता बिघडतं कुठे? पीठ, मसाला, तेलकट हात. हा थर सेन्सरवर बसला की प्रकाश तिथूनच परत येतो. फोनला वाटतं गाल जवळच आहे, म्हणून स्क्रीन काळीच राहते. वाकडी बसलेली किंवा सेन्सर झाकणारी टेम्पर्ड ग्लासही हेच करते. उलट, काळे दाट केस मध्ये आले तर ते प्रकाश शोषून घेतात आणि स्क्रीन चालूच राहते.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. फोन रिस्टार्ट करा. वरचा भाग कोरड्या मऊ कापडाने पुसा.

2. कॉल लावून वरचा भाग तळहाताने झाका. स्क्रीन गेली, हात काढल्यावर आली, तर सेन्सर ठीक आहे. नाही आली तर ग्लास काढून पुन्हा बघा. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये *#0*# आणि शाओमी-रेडमीच्या अनेक फोनमध्ये *#*#6484#*#* डायल केलं की सेन्सर तपासायचा मेनू उघडतो.

3. तरीही स्क्रीन काळीच राहत असेल तर पॉवर बटणाने कॉल कट करायची सोय चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती ॲक्सेसिबिलिटीत किंवा फोन ॲपच्या सेटिंगमध्ये मिळते. आयफोनमध्ये साइड बटण दाबलं की कॉल कट होतोच. त्यामुळे चुकून कट होत असेल तर आयओएस 16 पासून ॲक्सेसिबिलिटीत, टचमध्ये, ते थांबवायचा पर्याय आहे.

रेडमीसारख्या काही फोनमध्ये कॉल सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्झिमिटी सेन्सर पूर्ण बंदही करता येतो. पण तो शेवटचा इलाज समजा, आणि तोही सेन्सर खरंच गेला असेल तरच. कारण मग गाल मोकळा सुटतो! गिऱ्हाईक 40 पेट्यांची ऑर्डर सांगतंय आणि इकडे म्यूट दाबलं गेलं. ते दोनदा हॅलो हॅलो करणार आणि पुढच्या दुकानदाराला फोन लावणार. ही ऑर्डर गेली हे तुम्हाला कधी कळतही नाही. सेन्सर बंद ठेवायचाच असेल तर कॉलला इयरफोन वापरा, म्हणजे गालाचा प्रश्नच उरत नाही आणि भावही तुमच्या कानातच राहतो.

आणखी एक. "सेन्सर दुरुस्त करा" म्हणणारी ॲप्स टाकू नका. काच पुसायचं काम ॲप करत नाही, पण ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागू शकतं. ही परवानगी दिली की ॲपला तुमची स्क्रीन वाचता येते. ज्या फोनवर यूपीआयचे पैसे येतात, त्यावर ही जोखीम कशाला?

दुकानाचा फोन हा तुमच्या तराजूसारखाच आहे. तराजू रोज पुसता ना? मग फोनही पुसा. दहा मिनिटं काढून आजच तळहाताची टेस्ट करा, आणि तुमच्या फोनमध्ये काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.