क्लच प्लेटची खुंटी



जात्याची खीळ मध्यावर नसेल तर वरची तळी फिरत नाही, हे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या घराला सांगायला नको. मोटारीचा क्लच म्हणजे असेच एक जाते. इंजिनाचे जड चाक ही एक तळी, प्रेशर प्लेट ही दुसरी आणि मध्ये दाबून धरलेली क्लच प्लेट. ती मध्यावर बसवणे एवढीच या कामातली मेख आहे. ही मेख आम्हाला कल्याण-डोंबिवलीत रस्त्याच्या कडेला कळली आणि तिच्यासोबत आणखीही काही कळले, म्हणून हे लिहीत आहोत.

ठाण्याला कामासाठी आम्ही पाच जण जुन्या गाडीने निघालो होतो. गाडी चौघांनी मिळून घेतलेली. कसारा घाट उतरेपर्यंत काहीच कळले नाही. उतारावर क्लचचे दुखणे दिसत नाही. कल्याणजवळ पुलाच्या चढावर इंजिन ओरडू लागले, गाडी ओढीना आणि जळकट वास सुटला. परतताना तोच घाट चढायचा होता. घरी कापूस वेचणीला आलेला, बायाही सांगून ठेवलेल्या.

एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. उत्तर मिळाले : पूर्ण संच बदलावा लागेल, चार दिवस लागतील, सुटा भाग देत नाही. खर्च किती, तर गाडी उघडल्यावर सांगू. कापूस विकायला गेलो की भाव समोरचा सांगतो, गाडी दुरुस्तीला नेली तरी भाव समोरचाच सांगतो. आमच्या तोंडाने भाव कधी ठरायचा?

डोंबिवलीत आमच्या गावचा एक मुलगा कारखान्यात कामाला आहे. त्याच्या चाळीसमोर गाडी उभी केली. खुल्या बाजारात संच मिळाला : प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. गावात इंजिन, पंप, थ्रेशर उघडणारे हात आहेत, तर गिअरबॉक्स का उघडू नये? गाडीखाली लाकडी ठोकळे रचले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे मरण ओढवून घेणे), गिअरबॉक्स उतरवला आणि नवी प्लेट लावली. नजरेने मध्य धरला आणि बोल्ट आवळले. येथेच आमचे चुकले.

गिअरबॉक्स वर चढवला तर तो शेवटचे दोन बोट आत जाईना. हलवला, ढकलला. मग एकाने शहाणपण काढले : बोल्ट लावून पान्याने ओढून घेऊ. तेवढ्यात पलीकडच्या गॅरेजातला म्हातारा मिस्त्री धावत आला. म्हणाला, ‘‘ओढाल तर गिअरबॉक्सचा कान तुटेल. नाहीतर प्लेट वाकेल आणि गाडी जन्मभर झटके देईल.’’

या माणसाची उमेद फियाट गाड्यांत गेलेली. डोंबिवलीत प्रीमिअर कंपनीचा कारखाना होता, 1985 मध्ये आलेली 118 एनई तेथलीच. पुढे 1990 च्या दशकात कल्याणमध्ये प्यूजो 309 निघू लागली, पण दशक संपण्याआधीच तो संसार मोडला. ज्यांनी त्या गाड्या घेतल्या होत्या, त्यांच्या दारात गाड्या राहिल्या, बनवणारी कंपनी गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मात्र ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या. कारखाना बंद झाल्यावरही वीस-वीस वर्षे त्यांना कोणी चालवले? असल्याच मिस्त्र्यांनी. गाडी उघडता येत होती, भाग बाजारात मिळत होता, म्हणून.

मिस्त्रीने समजावले ते असे. प्रेशर प्लेटचे बोल्ट ढिले असतात तोवर मधली प्लेट मोकळी असते आणि आपल्या वजनाने खाली घसरते. बोल्ट आवळले की ती आहे तेथेच अडकते. गिअरबॉक्सचा शाफ्ट आधी या प्लेटच्या खाचांतून जातो आणि त्याचे टोक इंजिनाच्या चाकामधल्या छोट्या बेअरिंगात बसते. म्हणजे दोन छिद्रे एका ओळीत हवीत. बैलगाडीचा आस आणि चाकाचा तुंबा यांचे जे नाते, तेच. दोरादोराने चुकले तरी शाफ्ट जात नाही.

त्याने फावड्याच्या जुन्या दांड्याचा वीतभर तुकडा घेतला. एक टोक बेअरिंगात बसेल इतके तासले, त्यामागचा भाग प्लेटच्या छिद्रात घट्ट बसेपर्यंत त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. आमचे बोल्ट ढिले करायला लावले, खुंटी आत घातली. प्लेट पाव इंच वर सरकली तेव्हा आमची मान खाली गेली. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले आणि खुंटी ओढून काढली. प्लेटची कोणती बाजू इंजिनाकडे, ते जुनी काढतानाच पाहून ठेवायचे. बहुधा मधला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे असतो. खाचांना ग्रीस नावापुरते, प्लेटच्या तोंडाला थेंबही नको. गिअरबॉक्स कोणाच्याही हातातून प्लेटवर लोंबकळू द्यायचा नाही. या वेळी तो एका धक्क्यात आत गेला. दुसऱ्या दिवशी पाच जणांना घेऊन गाडीने कसारा चढला.

आता मुद्द्याचे. या कामात विद्या किती? एका दांड्याच्या तुकड्याएवढी. अडवणूक किती? चार दिवसांची. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला चौदा मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांवर दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न देणे. पुढे त्यावर अपिले झाली. 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारींबरोबर शेतीची यंत्रेही आहेत. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. तेथल्या शेतकऱ्याचे यंत्र कंपनीच्या संगणकाशिवाय उघडेना, म्हणून.

आमच्यावर ती पाळी येणारच नाही, असे समजू नका. ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागतो. मृगात हे काम निघाले आणि भाग फक्त जिल्ह्याच्या एका दुकानात, तोही ‘ट्रॅक्टर आणा, मग बघू’ या अटीवर मिळाला, तर पेरणी थांबणार आहे का? वॉरंटी असेतो कंपनीने आपली अट सांगावी, ते आम्ही समजू शकतो. पण विकलेल्या यंत्राचे पुस्तक, भाग आणि हत्यार रोख पैसे मोजून कोणालाही मिळाले पाहिजे. सवलत नको, अनुदान नको. फक्त वाट अडवू नका.

जिल्हा मेळाव्याला ती खुंटी आम्ही आणत आहोत. ज्याच्या गावात ट्रॅक्टर उघडणारा मिस्त्री असेल त्याने त्याला सोबत आणावे, आणि कोणता भाग कोठे नाकारला गेला ते तारखेसह लिहून आणावे. खुंटीचे माप मात्र जसेच्या तसे उचलू नका. प्रत्येक गाडीचे छिद्र वेगळे असते, आधी आपले मोजा.